चित्र आपलं, हालचाल कोणाची?

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

सध्या मेलबॉक्समध्ये एकाच विषयाचे प्रश्न जास्त येतायत. एखादं स्थिर चित्र किंवा फोटो घ्यायचा, दुसरीकडे कोणीतरी नाचतानाचा नाहीतर बोलतानाचा व्हिडिओ घ्यायचा, आणि एआयला सांगायचं की या चित्रातल्या कॅरेक्टरला त्या व्हिडिओसारखं हलव. याला मोशन ट्रान्सफर म्हणतात. म्हणून यावेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं काढून फक्त गावं ठेवलीत.

नाशिकचा एक कॉलेजचा विद्यार्थी विचारतो: मोशन ट्रान्सफरमध्ये आत नेमकं काय होतं? माझा मित्र म्हणतो व्हिडिओतल्या माणसावर आपलं चित्र चिकटवतात, फिल्टर लावतो तसं. मला ते पटत नाहीये.

तुला पटत नाहीये ते बरोबरच आहे, चिकटवत नाहीत. यात दोन गोष्टी वेगवेगळ्या काढतात. चित्रातून घ्यायचं की हा कोण आहे आणि दिसतो कसा, आणि व्हिडिओतून घ्यायचं फक्त हलतो कसा. व्हिडिओतल्या माणसाचा चेहरा, कपडे, मागची भिंत सगळं टाकून द्यायचं, हालचाल तेवढी ठेवायची, आणि मग मॉडेल एकेक फ्रेम नव्याने बनवतं. फिल्टरमध्ये माणूस तोच असतो, वरचं रंगरूप बदलतं. इथे माणूसच दुसरा असतो.

कल्पना तशी शंभर वर्षांपूर्वीची आहे. मॅक्स फ्लायशर नावाच्या अ‍ॅनिमेटरने १९१५ साली अमेरिकेत रोटोस्कोपच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९१७ ला ते मिळालं. त्याचा भाऊ डेव्ह विदूषकाचा ड्रेस घालून कॅमेऱ्यासमोर उड्या मारायचा, मग ती फिल्म काचेवर पाडून एकेक फ्रेम हाताने गिरवायची, आणि त्यातून कोको हा कार्टून विदूषक खऱ्या माणसासारखा हलायला लागला. म्हणजे हालचाल डेव्हची आणि रूप कोकोचं. आज गिरवायचं काम मॉडेल करतं, पण डेव्ह अजूनही लागतोच, आणि माझं म्हणणं असं की या सगळ्या प्रकारात सगळ्यात कमी विचार लोक त्या डेव्हचाच करतात. पुढच्या उत्तरांमध्ये हे परत परत येणारे.

आता कॉम्प्युटरची बाजू. २०१९ मध्ये फर्स्ट ऑर्डर मोशन मॉडेल नावाचा संशोधनाचा पेपर आला, तेव्हापासून हा प्रकार सर्वसामान्य लोकांपर्यंत पोचला. त्यातल्या मॉडेलला माणसाचा सापळा वगैरे कोणी शिकवायला लागत नव्हतं, कुठले बिंदू महत्त्वाचे हे ते व्हिडिओ बघून स्वतःच शिकायचं. चेहऱ्यावर छान चालायचं पण पूर्ण शरीर वळलं की चित्र ताणलं जायचं, कारण मुळात ते चित्रातलेच पिक्सेल ओढून इकडचे तिकडे करायचं, आणि समोरून काढलेल्या चित्रात पाठ दिसतच नाही तर ती आणणार कुठून. मग २०२३ च्या शेवटी अलिबाबाचं अ‍ॅनिमेट एनीवन आणि टिकटॉकवाल्या बाइटडान्सचं मॅजिकअ‍ॅनिमेट पाठोपाठ आली, ही डिफ्युजनवर चालणारी, म्हणजे नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून हळूहळू चित्र घडवणारी. यात व्हिडिओतून आधी शरीराची माहिती काढतात, एकात सांध्यांचा सापळा आणि दुसऱ्यात डेन्सपोज म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा नकाशा, आणि मूळ चित्र बाजूला ठेवून मॉडेल प्रत्येक फ्रेमला त्यात डोकावून बघतं की शर्टाचा रंग काय होता, केस कसे होते. जे चित्रात दिसत नाही ते अंदाजाने भरतं. इथून पुढच्या जवळजवळ सगळ्या तक्रारी या अंदाजातूनच येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं अलिबाबाचंच वान २.२ अ‍ॅनिमेट आणखी पुढे गेलंय, त्यात शरीरासाठी सापळा आणि चेहऱ्यासाठी वेगळी माहिती घेतात म्हणून हावभाव बरे येतात, आणि एकाच मॉडेलमध्ये दोन मोड आहेत, एकात तुझं चित्र हलतं आणि दुसऱ्यात व्हिडिओतल्या माणसाच्या जागी तुझं कॅरेक्टर येतं, बॅकग्राउंड व्हिडिओचंच राहतं. मित्राने बहुतेक हा दुसरा मोड कुठेतरी बघितला असणार.

कोल्हापूरहून एक ताई लिहितात: आमच्या मंडळासाठी नऊवारीतल्या एका कॅरेक्टरचं चित्र मी स्वतः काढलंय आणि तिला लेझीम खेळायला लावायचं आहे. मिरवणुकीतला एक व्हिडिओ रेफरन्स म्हणून वापरला. बोटं विचित्र येतात, लेझीम मध्येच गायब होते, गिरकी घेतली की डोक्याच्या मागे पण चेहरा येतो, आणि काष्ट्याचा झाला घागरा! चित्रात चूक आहे का मॉडेलमध्ये?

ताई, चित्र चुकीचं नाही, थोडं बदलावं लागेल ते पुढे सांगतो, आणि मॉडेल बदलून पण फार फरक पडणार नाही. मुख्य अडचण मिरवणुकीच्या व्हिडिओत आहे. गर्दीत माणसं एकमेकांसमोर येतात, कॅमेरा हलतोय, संध्याकाळचा उजेड, हात एवढे जोरात फिरतायत की फ्रेम थांबवली तर मनगट पुसट दिसतं. तिथे मला आणि तुम्हाला बोटं दिसत नाहीत तर सॉफ्टवेअरला कुठून दिसणार? ते काहीतरी बिंदू टाकून देतं आणि मॉडेल त्या चुकीच्या बिंदूंवर प्रामाणिकपणे हात काढतं.

म्हणून पहिली गोष्ट ही करा की फायनल व्हिडिओ बनवायच्या आधी नुसता सापळ्याचा व्हिडिओ बाहेर काढून बघा. कम्फीयूआय म्हणजे अशी मॉडेलं चालवायचं सॉफ्टवेअर, त्यात पोझ काढणाऱ्या टप्प्याचा म्हणजे नोडचा प्रीव्ह्यू लावता येतो, काळ्या पडद्यावर रंगीत रेघांचा माणूस नाचताना दिसतो. तो नीट बघा, हळू करून बघा. एखाद्या फ्रेमला हात उडाला, पाय आपटून दुसरीकडे गेला, डावा खांदा उजवीकडे आला, हे सगळं तिथेच दिसतं. सापळा चुकीचा असेल तर पुढे कितीही भारी मॉडेल लावा उपयोग नाही, आणि तासन्‌तास रेंडर करून मग कळण्यापेक्षा पाच मिनिटांत आधीच कळलेलं बरं.

दुसरं म्हणजे रेफरन्स स्वतः शूट करा, मंडळातली चांगली लेझीम खेळणारी एखादी मुलगी असेलच. मोबाइल ट्रायपॉडवर, अजिबात हलवायचा नाही, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण माणूस आणि वर खाली थोडी जागा सोडायची, हात वर गेला तरी फ्रेमच्या बाहेर जाता कामा नये. दिवसाचा भरपूर उजेड, सेकंदाला ६० फ्रेमवर शूट करा म्हणजे हात कमी पुसट येतो. आणि हे ऐकायला उलटं वाटेल पण शूटिंगला साडी नेसवू नका. अंगाबरोबर बसणारे कपडे, भिंतीपेक्षा वेगळ्या रंगाचे, केस बांधलेले. साडीत गुडघा कुठे आहे हे सॉफ्टवेअरला कळत नाही, मग पाय अंदाजाने येतात. साडी तुमच्या चित्रात आहेच, ती तिथून येणारे.

आता काष्टा. सापळ्यात कापड नसतं, फक्त सांधे असतात, त्यामुळे कापड कसं हलेल हे मॉडेल त्याने आधी बघितलेल्या व्हिडिओंवरून ठरवतं. तुमच्या चित्रातली बाई पाय जुळवून उभी असेल तर तिथे काष्टा आहे हे मॉडेलला दिसतच नाही, त्याला दिसतं खाली घोळदार कापड, मग ते घागरा करणारच. चित्र परत काढा, पाय थोडे फाकलेले, एक पाऊल पुढे, काष्ट्याच्या दोन्ही बाजू आणि पोटऱ्या स्पष्ट दिसतील असं. शक्यतो व्हिडिओच्या पहिल्या फ्रेममध्ये मुलगी जशी उभी आहे तशीच चित्रातली बाई उभी पाहिजे, ही एक गोष्ट केली तरी रिझल्ट खूप सुधारतो, हे २०१९ च्या मॉडेलला लागू होतं आणि आजच्यांना पण. अंगाची ठेवण पण जुळवा. तुमचं कॅरेक्टर कार्टून पद्धतीचं असेल, डोकं मोठं आणि पाय बुटके, आणि व्हिडिओत सहा फुटी माणूस, तर मॉडेल त्या कार्टूनला खेचून माणसाएवढे पाय देतं. सापळा कॅरेक्टरच्या मापाने बसवायचं सेटिंग बऱ्याच वर्कफ्लोमध्ये असतं ते चालू करा. काही लोक सापळ्याऐवजी डेप्थ, म्हणजे कुठला भाग कॅमेऱ्यापासून किती लांब याचा नकाशा, वापरायला सांगतील, त्यात हालचाल जास्त पक्की येते हे खरंय, पण डेप्थमध्ये व्हिडिओतल्या माणसाचा आकार, कपड्यांचा फुगवटा सगळंच येतं, दोघांची अंगकाठी सारखी असेल तरच ते करा.

गिरकीबद्दल. पाठमोरा माणूस आणि समोरचा माणूस यांचा सापळा जवळजवळ सारखाच दिसतो, डावं उजवं तेवढं उलटं होतं, आणि जोरात गिरकी घेतली की नेमकं तिथेच गडबडतं. त्यात मॉडेलला तुमच्या बाईचा अंबाडा माहीत नाही कारण चित्र समोरचं आहे. पाठीमागून दिसणारं दुसरं चित्र काढा, अंबाडा, गजरा, पाठीवरचा पदर सगळं असलेलं, आणि दोन शॉट वेगळे करा, समोरचा वेगळा, पाठमोरा वेगळा, कट गिरकीच्या मध्यावर मारा. सिनेमावाले कायम असंच करत आलेत, प्रेक्षकाला तो कट जाणवत नाही.

राहिली लेझीम. तिला सांधे नाहीत, म्हणजे मॉडेलसाठी ती नाहीच. लाकडी दांडा, साखळी, त्यात चकत्या, आणि प्रत्येक ठोक्याला आकार बदलतो, हे कुठल्याही मॉडेलला आज नीट जमेल असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. माझा सल्ला असा की नाचणारी बाई मुठी वळलेल्या हातांनी रिकामीच करून घ्या, आणि लेझीम वेगळ्या लेयरवर हाताने काढून मनगटाच्या जागी बसवा. तुम्ही स्वतः चित्रकार आहात, तुम्हाला दोन तीन आकार काढले की पुरे, उघडी, मिटलेली, मधली. काम वाढेल, पण लेझीम खेळणाऱ्या बाईच्या हातात लेझीमच नीट दिसली नाही तर बाकी सगळं करून काय फायदा?

आणि ताल सांभाळा. वानची मॉडेलं बहुतेक सेकंदाला १६ फ्रेम आणि एकावेळी ८१ फ्रेम म्हणजे पाच सेकंदांचा तुकडा करतात. हलगीचा ठोका आणि हात एकत्र पडला पाहिजे म्हणून शूटिंगचा मूळ आवाज वेगळा जपून ठेवा, व्हिडिओचा वेग कुठेही बदलू नका, १६ फ्रेमवर आणताना फ्रेम गाळा पण लांबी तीच ठेवा, सगळं झालं की राइफसारख्या टूलने मधल्या फ्रेम भरून २५ किंवा ३० वर न्या आणि मग आवाज चढवा. तुकडे कापताना ठोक्यावर कापू नका, दोन ठोक्यांच्या मध्ये कापा, कारण जोडाच्या जागी चित्र किंचित उडतंच.

डोंबिवलीहून: माझ्या लॅपटॉपला ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आहे. जमेल का काही?

नुसता चेहरा हलवायचा असेल तर लाइव्हपोर्ट्रेट हे फोटोतला चेहरा हलवणारं टूल वापरून बघा, ते हलकं आहे. पूर्ण शरीर नाही जमणार. वान २.१ चं सगळ्यात छोटं, १.३ बिलियन पॅरामीटरचं (म्हणजे शिकलेल्या आकड्यांचं) मॉडेलच सव्वाआठ जीबीच्या आसपास मेमरी मागतं, अ‍ॅनिमेटचं मॉडेल तर १४ बिलियनचं आहे. नवीन कार्ड घ्यायला धावू नका. गुगल कोलॅबवर, म्हणजे इंटरनेटवरून गुगलचे कॉम्प्युटर वापरायच्या सोयीवर, नाहीतर तासावर भाड्याने मिळणाऱ्या जीपीयूवर म्हणजे ग्राफिक्स कार्डावर आधी करून बघा, आणि सापळा काढणं, चित्र साफ करणं, तुकडे कापणं हे सगळं घरच्या लॅपटॉपवर उरकून मगच भाड्याचं मीटर चालू करा. छोट्या साइजमध्ये एक टेस्ट, ती पटली तर मोठी.

जव्हार तालुक्यातले एक शिक्षक लिहितात: आमच्या शाळेतल्या मुलांनी भिंतीवर वारली चित्रं काढलीत. त्यातली माणसं तारप्यावर नाचताना दाखवता आली तर पोरं वेडी होतील आनंदाने. एका ऑनलाइन टूलमध्ये टाकलं तर त्याने त्रिकोणांची खरीच माणसं करून टाकली, मांसल हातपाय आणि शर्ट घातलेली! शाळेत साधा कॉम्प्युटर आहे, इंटरनेट येऊन जाऊन.

सर, तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, आणि त्या टूलने जे केलं त्याचा रागही आला. वारलीतला माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण आणि काडीसारखे हातपाय. डिफ्युजनवाली मॉडेलं बहुतेक खऱ्या माणसांच्या व्हिडिओवर शिकलेली, त्यांना वाटतं हे अर्धवट काढलेलं चित्र आहे आणि ते पूर्ण करायला जातात. तुमच्या कामाला ती नकोतच.

तुम्हाला हवं ते अ‍ॅनिमेटेड ड्रॉइंग्ज. मेटा कंपनीच्या संशोधकांनी लहान मुलांनी काढलेल्या माणसांच्या चित्रांसाठीच बनवलंय, २०२१ मध्ये वेबसाइट आली, २०२३ मध्ये कोड सगळ्यांना खुला केला, त्याबरोबर लोकांनी स्वतःहून दिलेली पावणेदोन लाखांपेक्षा जास्त चित्रं पण खुली केली. हे नवीन पिक्सेल बनवत नाही. मुलाचं चित्र जसंच्या तसं कापून घेतं, त्यात सांधे बसवतं आणि तेच चित्र वाकवतं. म्हणून मुलाने नाक वाकडं काढलं असेल तर नाचताना पण ते वाकडंच राहतं, आणि मला यातलं हेच सगळ्यात आवडतं. भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. एकदा कोणाकडून तरी इन्स्टॉल करून घ्या, मग इंटरनेट नसलं तरी चालतं.

वारलीसाठी थोडी तयारी लागेल. भिंतीवर गेरूवर पांढऱ्या रंगात आहे, हे टूल पांढऱ्या कागदावरच्या गडद चित्राला सरावलेलं, म्हणून फोटो काढून रंग उलटे करा, किंवा सरळ मुलांना कागदावर एकेक माणूस मोठा काढायला सांगा, हात अंगापासून लांब, पाय वेगळे, काही एकमेकांवर आलेलं नको. काड्या जरा जाड काढायला सांगा, फार बारीक रेघ कापताना तुटते. सांधे आपोआप चुकीच्या जागी बसतील, ते हाताने सरकवता येतात, आणि हे काम मुलांनाच द्या! कोपर कुठे, गुडघा कुठे हे त्यांना बरोबर कळतं.

तारप्याचा नाच मात्र एकदम सगळा करायला जाऊ नका. त्यात सगळे एकमेकांना धरून असतात आणि तारपेवाल्याभोवती गोल गोल सरकतात, असं जोडलेलं चित्र या टूलला वेगवेगळं ओळखता येत नाही. एकेक जण वेगळा हलवा, मग सगळे गोलात मांडा, ब्लेंडर किंवा क्रिटा या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडता येईल, तारपेवाला मध्ये. हालचाल या टूलला बीव्हीएच फाइलमधून, म्हणजे सांध्यांची हालचाल नोंदलेल्या फाइलमधून लागते, सोबत मिळणाऱ्या तयार फाइलींमध्ये हात हलवणं, उड्या मारणं असलंच काही आहे, ते वापरू नका सर. गावात तारप्यावर नाचणारे लोक आहेत, त्यांना विचारा, समोरून एकाचा व्हिडिओ घ्या आणि त्याची बीव्हीएच बनवून घ्या, व्हिडिओवरून बीव्हीएच करून देणारी टूल्स ऑनलाइन मिळतात, तेवढ्यापुरतं तालुक्याला जाऊन केलं तरी चालेल. पावलं तिथलीच पाहिजेत. जिव्या सोमा म्हशेंनी ही चित्रं जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्या चित्रातला नाच अजून त्याच गावांमध्ये नाचला जातो, आणि तुमच्या मुलांच्या चित्रात कुठलातरी भलताच डान्स टाकणं मला बरोबर वाटत नाही. जे नाचून दाखवतील त्यांचं नाव व्हिडिओच्या शेवटी मुलांच्या नावांबरोबर लिहा, आणि शाळेबाहेर टाकणार असाल तर त्यांना आधी दाखवा. मुलांचे स्वतःचे व्हिडिओ मात्र कुठल्याच वेबसाइटवर चढवू नका.

सोलापूरहून एक वाचक: आजोबांचं वर्षश्राद्ध आहे. त्यांचा एकच चांगला फोटो आहे, कृष्णधवल, गंभीर चेहरा. त्यांना हसताना दाखवून आजीला सरप्राइज द्यायचं आहे. कुठलं अ‍ॅप चांगलं?

होऊ शकतं. त्याआधी एक विचारतो, आजीला सरप्राइज नक्की द्यायचंय का?

२०२१ च्या फेब्रुवारीत मायहेरिटेज या वंशावळीच्या वेबसाइटचं डीप नॉस्टॅल्जिया आलं तेव्हा लाखो लोकांनी आपल्या गेलेल्या माणसांचे फोटो हलवून बघितले. कोणी रडलं, कोणाला बघवलं नाही. त्यात आधीच शूट करून ठेवलेल्या ठरावीक हालचाली असायच्या, म्हणजे कोणातरी अनोळखी माणसाने मान वळवलेली असायची, डोळे मिचकावलेले असायचे, आणि तेच सगळ्यांच्या आजोबांना लागायचं. ज्या बाईने त्या माणसाबरोबर पन्नास एक वर्षं काढली तिला त्याचं हसू माहितीये. दुसऱ्याचं हसू त्याच्या चेहऱ्यावर दिसलं तर तिला ते लगेच कळेल, आणि पाहुण्यांसमोर कळलं तर तिने करायचं काय? म्हणून आधी आजीला विचारा, साध्या शब्दांत, की असं असं करता येतं, तुला बघायला आवडेल का. नको म्हणाली तर विषय संपला. हो म्हणाली तर आधी तिला एकटीला दाखवा, तिच्याजवळ बसून, प्रोजेक्टर नंतर.

आता कसं करायचं. फोटो अल्बममधून काढून ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, चमक येते. लाइव्हपोर्ट्रेट वापरा, २०२४ मध्ये क्वायशौ या चिनी कंपनीच्या लोकांनी खुलं केलेलं, चेहऱ्यापुरतं ते चांगलं आहे. यात रेफरन्स व्हिडिओ तुम्हीच देता, आणि इथेच तुम्हाला संधी आहे. तुमचे वडील किंवा काका, ज्यांचं हसणं आजोबांवर गेलंय असं घरात सगळे म्हणतात, त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवा. चौकोनी फ्रेम, चेहरा समोर, खांदे स्थिर, सुरुवातीला चेहरा एकदम शांत ठेवायला सांगा, पहिली फ्रेम शांत नसेल तर पुढचं सगळं वाकडं येतं. मग त्यांना आजोबांची एखादी आठवण सांगा आणि आपोआप जे हसू येईल ते घ्या, "हसा" म्हणून हसवलेलं नको. ओठ मिटलेलं हसू निवडा. फोटोत आजोबांचे दात दिसत नाहीत, तोंड उघडलं की मॉडेल स्वतःच्या मनाने दात बसवतं, आणि आजोबांचा एखादा दात पडलेला असेल, पानाने लाल झालेला असेल तर ते परके दात आजीला खटकतील. हालचालीचं प्रमाण कमी करायची सेटिंग आहे, ती कमीच ठेवा, दोन तीन सेकंद पुरे. रंगीत करू नका. आवाज तर अजिबात लावू नका.

पुण्याहून एक कॉलेजची मुलगी: एका डान्सरची रील डाउनलोड करून तिच्या स्टेप्स माझ्या कार्टून मांजरीला दिल्या. तिचा चेहरा कुठेच दिसत नाही, गाणं पण मी बदललं. तरी मैत्रीण म्हणते हे चोरी आहे. आहे का?

मैत्रिणीचं म्हणणं गंभीरपणे घे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीच्या व्याख्येत नृत्यरचना स्पष्ट लिहिलेली आहे, ती कुठल्या तरी स्वरूपात नोंदलेली असावी एवढीच अट, आणि त्याच कायद्यात सादर करणाऱ्या कलाकाराचे वेगळे हक्क आहेत. एखादी सगळे करतात ती स्टेप कोणाच्या मालकीची नाही, पण तिने बसवलेला अख्खा तुकडा तू मांजरीला दिलास तर चेहरा नसला तरी काम तिचंच आहे. तिने ते बसवायला किती घाम गाळलाय हे तुला रील बघताना दिसलंच असेल, म्हणून तर तू ती निवडलीस. तिला मेसेज कर, व्हिडिओ पाठव, विचार, नाव टाकते म्हण. नाही म्हणाली तर काढून टाक आणि स्वतः नाचून दे, तुला जमतील तेवढ्या स्टेप्स. मांजरीला तुझा नाच जास्त शोभेल.

याच निमित्ताने आणखी एक लिहितो, कारण दोन तीन मेल 'फेमस हिरॉइनला नाचवायचंय' असे होते. ते सांगणार नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रश्मिका मंदानाचा जो खोटा व्हिडिओ फिरला तो आठवा, व्हिडिओ मुळात दुसऱ्याच एका मुलीचा होता आणि तिच्यावर रश्मिकाचा चेहरा लावला होता. देशभर चर्चा झाली ती चेहऱ्याची आणि ती व्हायलाच हवी होती, पोलिसांनी पुढे जानेवारी २०२४ मध्ये अटकही केली. पण ज्या मुलीचं शरीर वापरलं, तिलाही कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या दीडएक महिना आधी अनिल कपूर यांनी दिल्ली हायकोर्टातून आपलं नाव, आवाज, चेहरा, लकबी यांच्या वापराविरुद्ध आदेश मिळवला होता. तुमच्या ओळखीतल्या कोणाबरोबर असलं काही झालं तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेवा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करा, हेल्पलाइन १९३०. आणि आपण केलेलं काम खरं वाटण्यासारखं असेल, म्हणजे खऱ्या माणसाचा फोटो हलवलेला असेल, तर टाकताना सांगा की हे एआयने केलंय. यूट्यूबवर तर मार्च २०२४ पासून तसं टिक करायचा पर्यायच आलाय. मांजरीला त्याची गरज नाही.

इंदूरहून एक आजी: मी नातवंडांना मोबाइलवर मराठी गोष्टी सांगते. माझ्या मुलीने एक पोपट काढून दिलाय, तो माझ्या आवाजात माझ्यासारखा बोलताना दिसला पाहिजे. आवाज देऊन तोंड हलवणारी अ‍ॅप मराठीला नीट हलत नाहीत.

आजी, तुम्हाला आवाजावरून तोंड हलवणारं अ‍ॅप नकोच आहे. गोष्ट सांगताना तुमचाच चेहऱ्याचा व्हिडिओ घ्या आणि तो रेफरन्स द्या. मग भाषेचा प्रश्नच राहत नाही, तुम्ही प, ब, म म्हणताना ओठ मिटलेत, 'ऊ' ला पुढे काढलेत, तेच पलीकडे जातं, आणि भुवया उंचावणं, डोळे मोठे करून थांबणं, जे नातवंडांना खरं आवडतं, ते पण जातं. उजेड तोंडावर घ्या, चष्म्यावर चमक येत असेल तर लाइट बाजूला करा, मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, बोलताना हात तोंडासमोर आणू नका.

अडचण पोपटाची आहे. चेहरा ओळखणारी टूल्स डोळे, नाक, ओठ शोधतात, आणि लांब वाकडी चोच बघून त्यांना चेहरा सापडतच नाही. लाइव्हपोर्ट्रेटमध्ये प्राण्यांसाठी वेगळा भाग आहे पण तो मांजर कुत्र्यांवर भर देऊन बनवलेला. मुलीला सांगा की पोपट समोरून बघतोय असा काढ, दोन्ही डोळे पुढे, चोच आखूड आणि खाली तोंडासारखी रेघ. तरी नाही जमलं तर तिला चोचीचे सहा सात आकार वेगवेगळे काढायला लावा, मिटलेली, थोडी उघडी, पूर्ण उघडी, गोल, आणि तुमच्या व्हिडिओकडे बघून ते एकामागे एक बसवायचे, फुकटच्या ओपनटूंझमध्ये होतं ते. पहिल्या गोष्टीला वेळ लागेल, तेच आकार पुढच्या सगळ्या गोष्टींना चालतील. गोष्ट दोन तीन मिनिटांचीच घ्या, आणि पोपट बोलत नसताना त्याला अधूनमधून डोळे मिचकवायला लावायला मुलीला सांगून ठेवा.